हातात जोर आहे, मग कंगवा का चालत नाही?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. वडिलांना चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजव्या हातापायातली ताकद बरीच परत आली आहे, घरात चालतात. पण कंगवा हातात दिला की नुसता धरून बसतात, कधी उलटा धरतात, कधी गालावरून फिरवतात. "केस विंचरा" म्हटलं की जास्तच गोंधळतात, आणि तासाभराने आरशासमोरून जाताना न सांगता केसांवरून हात फिरवतात. बोलतानाही शब्द अडतो, तोंड वेडंवाकडं करत ते आवाज शोधत राहतात. डिस्चार्जच्या कागदावर 'अ‍ॅप्रॅक्सिया' असं लिहिलंय. भाऊ म्हणतो ते मुद्दाम करतात, आई म्हणते डोक्यावर परिणाम झाला. शिवाय साडेतीन वर्षांच्या भाच्यालाही बोलण्याचा अ‍ॅप्रॅक्सिया असेल असं कुणीतरी सुचवलंय, म्हणून हे घराण्यातच आहे का, अशी तुम्हाला भीती वाटते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून रुग्णांना शिकवते. गेली वीसेक वर्षं मुख्यतः स्ट्रोकनंतरच्या रुग्णांबरोबर काम करते. बोलण्याचा भाग हा माझ्या स्पीच थेरपिस्ट सहकाऱ्यांचा, पण एकाच रुग्णावर दोघी काम करत असल्यामुळे त्याबद्दलही लिहिते.

घरातला वाद आधी मिटवू. वडील मुद्दाम करत नाहीत. आणि जे तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून 'डोक्यावर परिणाम झाला' असंही म्हणता येत नाही.

कुलूप उघडताना किल्ली कशी धरायची, कुठल्या कोनात घालायची, किती वळवायची, याचा आपण विचार करत नाही. ते अंगवळणी पडलेलं असतं. हा शब्द फार नेमका आहे, फक्त हे वळण अंगात साठवलेलं नसतं, मेंदूत असतं. बहुतेक माणसांमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पॅरायटल लोब (वरचा-मागचा भाग) आणि फ्रॉन्टल लोब (पुढचा भाग) यांच्यातल्या जाळ्यात, सरावाच्या हालचालींचे आराखडे तयार होतात. मनात हेतू येतो, त्याचा आराखडा बनतो, मग स्नायूंना हुकूम जातो. लकव्यात शेवटची पायरी तुटते. अ‍ॅप्रॅक्सियात मधली तुटते. स्नायूत ताकद आहे, स्पर्श कळतो, सांगितलेलं समजतं, करायची इच्छाही आहे, पण हेतूचं हालचालीत रूपांतर होताना गफलत होते.

हे कोडं पहिल्यांदा नीट उलगडलं ह्यूगो लीपमान या जर्मन डॉक्टरांनी, १९०० साली. त्यांच्याकडे ४८ वर्षांचा एक सरकारी अधिकारी आला होता. काहीही सांगितलं की तो भलतंच करायचा, म्हणून त्याला बुद्धिभ्रंश झालाय असं ठरवलं गेलं होतं. लीपमान यांच्या लक्षात आलं की तो दर वेळी उजवाच हात पुढे करतो. त्यांनी त्याचा उजवा हात धरून ठेवला आणि डाव्या हाताने करायला लावलं. तीच कामं त्याने बरोबर केली. म्हणजे त्याला सगळं समजत होतं, फक्त उजव्या हातापर्यंत ते नीट पोचत नव्हतं. तुमच्या आईला ही गोष्ट जरूर सांगा.

त्या अधिकाऱ्याचा डावा हात चांगला होता, पण नेहमीचं चित्र वेगळं असतं. आराखडे डाव्या मेंदूत बनतात आणि डाव्या हातासाठी ते पलीकडच्या अर्ध्या मेंदूकडे जातात. त्यामुळे डाव्या बाजूच्या स्ट्रोकनंतर उजव्या हातात अशक्तपणा येतो आणि 'चांगला' समजला जाणारा डावा हातही चुकायला लागतो. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत कमीजास्त अ‍ॅप्रॅक्सिया आढळतो, तरी तो घरच्यांच्या नजरेतून निसटतो. डाव्या हाताने घास सांडला तर "सवय नाही ना डाव्या हाताची" म्हणून सोडून दिलं जातं. रुग्ण स्वतः तर क्वचितच तक्रार करतो. आपली कृती चुकतेय याची जाणीवच अनेकांना नसते, म्हणून हे डॉक्टरांना सांगण्याचं काम जवळच्या माणसांवर येतं.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारा भाग: सांगितल्यावर जमत नाही आणि न सांगता जमतं. भावाचा संशय यातूनच आलाय. पण हीच या आजाराची ओळख आहे. एकोणिसाव्या शतकात ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश डॉक्टरांनी असेच रुग्ण नोंदवले होते: जीभ बाहेर काढा म्हटलं की काढता येत नाही, पण ओठाला काही चिकटलं की तीच जीभ बाहेर येऊन ते टिपते. हुकमावरून केलेली कृती आणि प्रसंगातून आपोआप घडलेली कृती मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी येतात. प्रसंग समोर असला, वस्तू हातात असली, वेळ नेहमीची असली की जुनं वळण जागं होतं. "दाखवा बरं, कसं करता" असं म्हटलं की सगळा भार त्या मोडक्या मधल्या पायरीवर येतो.

माझ्याकडच्या एका आजींचं उदाहरण सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. टेबलाशी बसवून मी म्हणायचे, "टाटा करून दाखवा." त्या हात वर नेत, मूठ मिटत, बोटं उघडत, हाताकडे बघत राहत आणि शेवटी हात मांडीवर ठेवून देत. सत्र संपून मी दाराशी जाऊन "येते हं" म्हटलं की त्याच हाताने सुरेख टाटा व्हायचा. त्यांच्या मुलीच्या डोळ्यांत त्या वेळी राग होता, पहिल्याच दिवशी. आठवडाभर तिला मी नुसतं बघायला बसवलं. किती वेळा जमतं हे सोडून द्यायचं आणि केव्हा जमतं ते वहीत लिहायचं, एवढंच तिचं काम. वही भरत गेली तसा राग गेला.

चुका कशा दिसतात तेही ओळखायला शिका, कारण त्यातून उपचाराची दिशा ठरते. दात घासण्याचा अभिनय करायला सांगितला की काहीजण बोटालाच ब्रश समजून ते दातांवर घासतात. लहान मुलं असं करतात, मोठी माणसं सहसा काल्पनिक ब्रश धरल्यासारखी मूठ करतात. काहींचा हात योग्य जागी जातो पण फिरवण्याची दिशा चुकते. काहीजण आधीच्या कामात अडकतात: कंगवा झाला, आता चमचा दिला, तरी चमचा केसांतून फिरतो. अशा चुकांना आम्ही आयडियोमोटर प्रकार म्हणतो. वस्तू कशासाठी आहे याचाच घोळ होणं किंवा कामाच्या पायऱ्या उलट्यासुलट्या होणं, जसं ब्रशला पेस्ट न लावता ट्यूबच तोंडात घालणं, हा आयडिएशनल प्रकार. पुस्तकात या दोन्हींमध्ये स्वच्छ रेघ असते, रुग्णात नसते. तुमच्या वडिलांनी कंगवा गालावर फिरवला, त्यात दोन्ही असू शकतं. कपडे घालताना होणारा गोंधळ आणि चित्र किंवा ठोकळे जुळवताना होणारा गोंधळ यांनाही अ‍ॅप्रॅक्सिया हेच नाव चिकटलंय. पण कपड्यांचा गोंधळ बऱ्याचदा उजव्या मेंदूच्या इजेने होतो आणि त्यात जागा-दिशेचं भान बिघडलेलं असतं, म्हणून त्याची वाट वेगळी.

तपासणीत आम्ही एकच कृती तीन प्रकारे करून घेतो: नुसतं तोंडी सांगून, स्वतः करून दाखवून नक्कल करायला लावून, आणि खरी वस्तू हातात देऊन. बहुतेकांना पहिली पद्धत सगळ्यात जड जाते आणि तिसरी सगळ्यात सोपी. त्याआधी ताकद, स्पर्श, हाताचा तोल, दृष्टी आणि समज तपासावी लागते, कारण यातलं काहीही बिघडलं तरी बाहेरून चित्र सारखंच दिसतं. घरी मात्र ही परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांसमोर "बाबा, दाखवा कंगवा कसा करतात" हे तर अजिबात नको. तुम्हाला माहिती काहीच मिळत नाही आणि त्यांची एक चूक पक्की होते.

बोलण्याचं आता सांगते. स्ट्रोकनंतर बोलणं तीन वेगळ्या कारणांनी बिघडतं आणि तिन्ही एकत्रही असू शकतात. वाचाघात, म्हणजे अफेजिया, यात शब्द आठवत नाही किंवा ऐकलेल्याचा अर्थ लागत नाही. डिसार्थ्रियात ओठ-जिभेचे स्नायू लुळे किंवा ताठ होतात आणि सगळंच बोलणं एकसारखं जड, अस्पष्ट येतं. बोलण्याच्या अ‍ॅप्रॅक्सियात शब्द मनात तयार असतो, स्नायूही ठीक असतात, पण जीभ कुठे लावायची, ओठ केव्हा मिटायचे याचा क्रम लागत नाही. हे नाव अमेरिकेतल्या फ्रेड डार्ली यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी रूढ केलं. ऐकताना ते असं येतं: "खि... खि... ड... की". अक्षर न् अक्षर सुटं, स्वर ओढलेले, बोलण्याला चढउतार नाही. 'घर' निघतं, 'घरातल्यांना' म्हणताना कोसळतं. ओठ आधी एका जागी जातात, मग दुसऱ्या, जणू अंधारात बटण चाचपडावं. आणि हाच माणूस एक ते दहा आकडे किंवा वारांची नावं बऱ्यापैकी सलग म्हणतो, कारण ती माळ अंगवळणी पडलेली असते.

चेहऱ्याचंही असंच होतं. फुंकर मारा म्हटलं की काही रुग्ण तोंडाने 'फुंकर' असा शब्द उच्चारायचा प्रयत्न करतात, फुंकर येत नाही. पेटलेली मेणबत्ती समोर धरली की येते.

घरच्यांना सुचत नाही अशी एक अडचण इथे असते. बोलता येत नाही, तर खुणा करा, असं आपण सहज म्हणतो. पण खूण म्हणजे वस्तू हातात नसताना, आठवणीतून केलेली कृती, अ‍ॅप्रॅक्सियात सगळ्यात आधी बिघडणारी. त्यामुळे "पाणी हवं असेल तर हाताने दाखवा ना" ही मागणी त्यांच्यासाठी बोलण्याइतकीच कठीण असू शकते. त्याऐवजी समोर खरा ग्लास आणि खरा चष्मा ठेवा, बोट लावू द्या. फोटोंची छोटी वही करा. चित्रावर बोट ठेवणं बरेचदा जमतं.

धोक्याच्या वस्तूंबाबत मी कडक आहे. रेझर, सुरी, गॅस, इस्त्री आणि गरम पाण्याचा नळ सध्या त्यांच्या एकट्याच्या हाती नकोत. हात थरथरत नाही, ताकद आहे, म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि इजा तिथेच होते. औषधांच्या गोळ्या तुम्ही द्या. गाडी चालवण्याचा विषय डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय काढू नका.

आता सुधारणा. पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत पुष्कळ रुग्ण आपोआपही सुधारतात, काहींमध्ये थोडा अ‍ॅप्रॅक्सिया वर्षानुवर्षं राहतो. कोण कुठल्या गटात जाईल हे चौथ्या महिन्यात छातीठोकपणे कुणी सांगू नये. उपचारांबद्दल मात्र काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. नेदरलँड्समधल्या ११३ रुग्णांच्या अभ्यासात, २००१ साली, ज्यांना चूक होते तिथे पर्यायी युक्ती वापरायला शिकवलं (पायऱ्या मोठ्याने म्हणणं, चित्रं बघत करणं) ते आठ आठवड्यांनी रोजच्या कामांत इतरांपेक्षा पुढे होते, पण पाच महिन्यांनी तो फरक उरला नाही. इटलीतल्या २००६च्या एका लहान अभ्यासात, ३३ रुग्णांच्या, हावभावांचा सराव पद्धतशीर दिल्यावर रोजच्या कामांतही फायदा दिसला आणि दोन महिन्यांनी तो टिकून होता. जर्मनीत गेऑर्ग गोल्डेनबर्ग यांनी दाखवून दिलं की ठरावीक काम चुका होऊ न देता शिकवलं तर ते काम येतं, पण न शिकवलेल्या दुसऱ्या कामात त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि घरी जे ते काम करत राहिले त्यांचंच टिकलं.

माझा अनुभव या शेवटच्या गोष्टीशी तंतोतंत जुळतो. म्हणून पेगबोर्डमध्ये खुंट्या खोचण्यात तास घालवण्यापेक्षा मी थेट शर्टापासून सुरू करते. तुम्हीही एकच काम निवडा. वडिलांना मनापासून हवं असेल ते. दात घासणं धरून चालू.

रोज तीच वेळ, तेच बेसिन, तोच ब्रश. बेसिनवरचं बाकी सगळं उचलून ठेवा. साबण, कंगवा, रेझर दिसले की हात भलत्या वस्तूकडे जातो. तुम्ही समोर उभे राहू नका, समोरच्याची नक्कल करताना डावं-उजवं उलटतं. त्यांच्या बाजूला किंचित मागे उभे राहा, तुमचा हात त्यांच्या हातावर ठेवा आणि दोघांच्या हातांनी मिळून ब्रश उचला, पेस्ट लावा, तोंडाकडे न्या. बोलू नका. हे फार अवघड जातं, पण जितके शब्द कमी तितकं बरं. सूचना ऐकून समजून घेणं हे त्यांच्यासाठी आणखी एक काम होतं आणि त्या नादात चाललेली हालचाल तुटते. ब्रश दातांना लागून दोनचार वेळा फिरला की तुमच्या पकडीला जाणवेल: त्यांचा हात पुढाकार घ्यायला लागतो, तुमच्या तळव्याखाली मनगट स्वतःहून वळतं. त्या क्षणी पकड सैल करा, हात काढू नका. पुन्हा अडखळले की चूक पुरी होण्याआधीच हलकेच योग्य दिशेला न्या. "नाही, असं नाही" हे वाक्य पूर्ण बंद. काही दिवसांनी आधार मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, मग नुसतं शेजारी उभं राहणं. कधी तीन आठवडे लागतात, कधी दहा. एक काम पक्कं झालं तरी सोडायचं नाही, रोज चालू ठेवून दुसरं जोडायचं. घाईच्या दिवशी तुम्हीच दात घासून दिलेत तर आकाश कोसळत नाही, पण रोज तसं केलंत तर वळण परत येणार नाही.

बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट लवकर गाठा. तोवर तुम्ही एवढं करा: हो-नाही अशी उत्तरं देता येतील असे प्रश्न विचारा, थांबा, वाक्य त्यांच्या तोंडून ओढून काढू नका. शब्द एकत्र, एका लयीत, हाताने टेबलावर हलका ठेका धरत म्हटला तर काहींना जमतो. तुमचे ओठ त्यांना दिसतील असे समोर बसा. इथे समोरच बसायचं.

भाच्याचं वेगळं आहे, म्हणून वडिलांशी त्याची सांगड घालू नका. वडिलांचा अ‍ॅप्रॅक्सिया स्ट्रोकच्या इजेतून आलाय, तो वारशाने नातवंडात जात नाही. मुलांमधला बोलण्याचा अ‍ॅप्रॅक्सिया वाढीच्या वयातच दिसू लागतो, दर हजारी एक-दोन मुलांत, असा अंदाज आहे. त्यात काही वेळा जनुकांचा भाग असतो: लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना हा त्रास होता आणि त्यांच्यामुळेच २००१ साली फॉक्सपी२ जनुकातला दोष सापडला. पण बहुतेक मुलांत असं एक ठरावीक कारण हाती लागत नाही. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २००७ साली तीन खुणा पुढे ठेवल्या: तोच शब्द पुन्हा म्हणताना चुका बदलतात, एका आवाजातून दुसऱ्यात जाणं लांबतं आणि तुटतं, आणि शब्दावरचा जोर-चढउतार बिघडतो. मूल उशिरा बोलतंय एवढ्यावर हे लेबल लावू नये, पण लेबलची वाट पाहत उपचारही थांबवू नयेत. आधी ऐकू नीट येतं का ते तपासा. मग आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा छोटी छोटी सत्रं वारंवार द्या, मोजकेच शब्द, पुन्हा पुन्हा. चित्रं किंवा खुणा दिल्या तर मूल बोलायचंच नाही, ही भीती निराधार आहे. उलट रडारड कमी होते आणि बोलायला धीर येतो. शरीराच्या हालचालींचा बेढबपणा, ज्याला लोक डिस्प्रॅक्सिया म्हणतात, तो पुन्हा निराळा आणि कितीतरी जास्त मुलांत आढळतो.

एक इशारा. स्ट्रोक झालेला नसताना एका हाताचं कसब हळूहळू, महिन्यामहिन्याने जात असेल किंवा बोलणं असंच क्रमाने तुटत चाललं असेल, तर ते वेगळ्या, वाढत जाणाऱ्या आजारांचं लक्षण असू शकतं आणि न्यूरोलॉजिस्टकडे जाण्यात वेळ घालवू नये. आणि वडिलांचं जे सुधारलंय ते अचानक एका दिवसात बिघडलं, तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर थेट इमर्जन्सीत न्या.

पुढच्या भेटीच्या आधी एक करा. त्यांची हरकत नसेल तर फोनवर दोन छोटे व्हिडिओ घ्या: एक रोजच्या ओघात सांगितल्यावर अडलेल्या कामाचा (मुद्दाम परीक्षा न घेता), दुसरा तेच काम आपोआप घडताना. आरशासमोर केसांवरून फिरणारा तो हात टिपता आला तर उत्तम. थेरपिस्टला ते दोन्ही दाखवा, आणि संध्याकाळी भावालाही.